साथीचे ऑनलाइन नकाशे आणि डॅशबोर्ड: कोणते पाहता, कसे वाचता?

ऋतुजा_न (धागाकर्ती)

कुठे साथ पसरल्याची बातमी आली की तिच्या मागोमाग एखादा नकाशा फिरायला लागतो. गोवर असो, एमपॉक्स असो की बर्ड फ्लू. देशावर टिचकी मारा, आकडा उघडतो. खालची पट्टी सरकवा, महिने पुढे सरकतात. ही साधनं आज कुणालाही फुकट बघता येतात याचं मला मनापासून अप्रूप आहे. पण त्याच नकाशाचा स्क्रीनशॉट फॉरवर्ड होत होत आपल्यापर्यंत येतो आणि त्यावरून लोक जे निष्कर्ष काढतात ते वाचून जीव कळवळतो. म्हणून हा धागा. कुठली साधनं वापरता, ती कशी वाचता, कुठे फसायला होतं, ते इथे गोळा करूया.

बहुतेकांनी पाहिलेल्या नकाशापासूनच सुरुवात करते. काळ्या पार्श्वभूमीवर लाल वर्तुळं असलेला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा कोविड डॅशबोर्ड २२ जानेवारी २०२० रोजी खुला झाला. प्रा. लॉरेन गार्डनर आणि त्यांचे पीएचडीचे विद्यार्थी एनशेंग डाँग यांचं हे काम. दोघंही अभियांत्रिकी शाखेतले. सुरुवातीला आकडे माणसं बसून हाताने भरत होती. पुढे देश वाढत गेले तसं बरंचसं काम प्रोग्रामवर सोपवावं लागलं. वृत्तपत्रं, सरकारं, संशोधक सगळे तिथलाच आकडा उचलत होते. १० मार्च २०२३ ला त्यांनी नवी माहिती भरणं थांबवलं.

त्या नकाशातली एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आली. लाल वर्तुळ 'आतापर्यंतचे एकूण बाधित' दाखवत होतं, आणि एकूण आकडा काही कमी होत नसतो. एखाद्या देशातली लाट ओसरून दोन महिने झाले तरी तिथलं वर्तुळ तेवढंच, किंबहुना थोडं वाढलेलंच. साथ वाढो वा ओसरो, नकाशा लालच होत जाणार. आजची स्थिती कळायला रोजच्या नव्या रुग्णांचा आलेख उघडावा लागे, आणि स्क्रीनशॉटमध्ये मात्र नकाशाच येई.

तेव्हापासून कुठलाही डॅशबोर्ड उघडला की मी आधी कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचते. माहिती शेवटची कधी भरली, ती पाठवली कुणी, आणि 'रुग्ण' म्हणून धरलंय कुणाला. शेवटच्या प्रश्नाचं एक ठळक उदाहरण देते. १२ फेब्रुवारी २०२० ला चीनच्या हुबेई प्रांतात एका दिवसात १४,८४० नवे रुग्ण नोंदले गेले. आदल्या दिवसांच्या मानाने कितीतरी पट. आलेखावर सरळ भिंतच उभी राहिली. त्यातल्या १३,३३२ जणांचं निदान डॉक्टरांनी लक्षणं आणि स्कॅनवरून केलेलं होतं, प्रयोगशाळेच्या चाचणीवरून नव्हे, आणि अशा रुग्णांनाही त्या दिवसापासून मोजायचं ठरलं होतं. एका रात्रीत बदलली होती ती व्याख्या.

नकाशा रोगाचा आहे असं आपण धरून चालतो. तो नोंदींचा असतो. रोग आणि नोंद यांच्यात किती अंतर आहे ते ज्या साधनात दिसतं ते साधन चांगलं, असं माझं मत आहे. तुमची मतं वाचायला आवडतील.

कोरा_कागद

छान धागा, वाचनखूण साठवली आहे. एक बाळबोध प्रश्न. रंगवलेल्या नकाशात मोठ्या लोकसंख्येचे देश नेहमीच गडद दिसतात. मग एकूण आकड्याऐवजी दर लाखामागे किती रुग्ण ते पाहिलं की प्रश्न सुटतो का?

वेदांगी

कागद, अर्धा सुटतो. मी साथरोगांच्या आकडेवारीतच काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दर लाखाचं प्रमाण घेतलं की चिमुकली ठिकाणं एकदम वर येतात. तीस हजार वस्तीत तीस रुग्ण निघाले की झाले लाखामागे शंभर. पुढच्या आठवड्यात दहाच निघाले तर लगेच तेहतीस. इतक्या छोट्या आकड्यांत ही चढउतार योगायोगानेही होते, तिला साथ वाढली किंवा ओसरली म्हणता येत नाही. दुसरं म्हणजे डोळा क्षेत्रफळ मोजतो. विरळ वस्तीचा अवाढव्य प्रांत गडद झाला की सगळा पडदा गडद वाटतो आणि दाट वस्तीचं शहर त्यात टिंबाएवढं उरतं. माणसं मात्र त्या टिंबात राहत असतात.

पण सगळ्यात जास्त गोंधळ रंगांच्या पायऱ्या घालतात. लाखामागे ९.९ पर्यंत पिवळा आणि १० पासून केशरी असं ठरवलं की जेमतेम फरक असलेले दोन शेजारी वेगळ्या रंगांत जातात. त्यातून काही डॅशबोर्ड या पायऱ्या दर आठवड्याला आपोआप बदलतात. सगळ्यात वाईट भाग नेहमी सगळ्यात गडद, मग तो आकडा ५०० असो की ५. अशा नकाशाचे दोन वेगवेगळ्या महिन्यांचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे शुद्ध दिशाभूल. रंगसूची कापलेला नकाशा मी पुढे पाठवत नाही, दुसऱ्यांनाही पाठवू देत नाही.

सारंग_ब

ऋतुजाताई, त्या डॅशबोर्डमागची फाइल मी बरीच वापरली आहे, तिच्याबद्दल लिहितो. नकाशा सगळ्यांनी पाहिला, फाइल फार कमी जणांनी उघडली असेल.

ती साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा तक्ता) होती आणि अजूनही गिटहब या फाइली खुल्या ठेवायच्या संकेतस्थळावरून कुणालाही उतरवून घेता येते. प्रत्येक देश किंवा प्रांताची एक ओळ आणि प्रत्येक तारखेचा एक स्तंभ. म्हणजे फाइल रोज एका स्तंभाने रुंद होत गेली, तीन वर्षांत हजाराहून जास्त स्तंभ. आकडे सगळे एकूण बेरजेचे. रोजचे नवे रुग्ण हवे असतील तर आजच्यातून कालचा आकडा वजा करायचा. इथे गंमत सुरू होते. एखाद्या सरकारने जुने दुबार नोंदलेले रुग्ण काढून टाकले की आजची बेरीज कालच्यापेक्षा कमी, आणि नवे रुग्ण चक्क उणे! आलेख शून्याच्या खाली जायचा. काही संकेतस्थळं तिथे गुपचूप शून्य दाखवत, काही उणे आकडाच ठेवत. मला दुसरी पद्धत प्रामाणिक वाटते, कारण दुरुस्ती झाली आहे हे निदान दिसतं.

आणि देशांच्या यादीत मधेच 'डायमंड प्रिन्सेस' अशी ओळ. हे जहाज. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला ते ३,७११ जणांसह विलगीकरणात होतं आणि त्यातल्या ७१२ जणांना संसर्ग झाला. कुठल्या देशाच्या खात्यावर हे रुग्ण टाकायचे, तर कुणाच्याच नाही, म्हणून वेगळी ओळ. 'जगात किती देशांत साथ' असं यादीतल्या ओळी मोजून सांगणारे लेख तेव्हा सर्रास दिसत.

नोंद आणि रोग यांच्यातलं अंतर कधी कधी अगदी क्षुल्लक कारणाने पडतं. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आकड्यांतून १५,८४१ रुग्ण गळाल्याचं उघड झालं. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबरमधले. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ओतली जात होती आणि त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. पुढच्या ओळी गेल्या कुठे हे विचारायला कुणी नव्हतं. त्या लोकांना आपला निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कातल्यांचा शोध घेणाऱ्यांपर्यंत नावं वेळेत गेलीच नाहीत. डॅशबोर्डवर त्या आठवड्यात रेषा छान शांत दिसत होती.

जुना_वाटसरू

सारंग, ही एक्सेलची गोष्ट प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवायला हवी.

तरुण मंडळींना ही साधनं २०२० मध्ये जन्माला आली असं वाटतं, म्हणून थोडं मागचं लिहितो. 'प्रोमेड' १९९४ पासून आहे. नकाशा वगैरे काही नाही, निव्वळ ईमेल. जगभरातले डॉक्टर, पशुवैद्य, प्रयोगशाळावाले काही विचित्र दिसलं की कळवतात, जाणकार संपादक ते तपासून पुढे पाठवतात. १० फेब्रुवारी २००३ ला तिथे एक विचारणा आली: चीनमधल्या ग्वांगझू शहरात लोक दगावताहेत, इस्पितळं बंद केली आहेत असं कानावर येतंय, कुणाला काही माहीत आहे का? सार्सची बाहेरच्या जगाला लागलेली ती अगदी सुरुवातीची कुणकुण. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये मर्स या सार्ससारख्याच आजाराच्या विषाणूची खबरही जेद्दाहमधल्या डॉ. अली झाकी यांनी आधी तिथेच दिली. आणि ३० डिसेंबर २०१९ ला वुहानमधल्या अज्ञात न्यूमोनियाची.

कॅनडाने १९९७ च्या सुमारास 'जीफिन' सुरू केलं, त्यात यंत्र बातम्या चाळायचं. मग २००६ मध्ये बॉस्टनच्या बालरुग्णालयातून 'हेल्थमॅप' आला. बातम्या, प्रोमेडचे संदेश, सरकारी पत्रकं यंत्राने वाचायची, रोग आणि ठिकाण ओळखायचं आणि नकाशावर ठिपका द्यायचा. वुहानचा ठिपका त्यांच्याही यंत्राने ३० डिसेंबरला टिपला होता.

माझ्या मते या अफवावजा, अर्धवट खबरांची साधनं अधिकृत डॅशबोर्डइतकीच मोलाची आहेत. सरकारी आकडा पक्का असतो पण उशिरा येतो, कधी अडवलाही जातो. प्रोमेड २०२३ मध्ये पैशांअभावी फार अडचणीत आलं, संपादकांवर काम थांबवायची वेळ आली, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. इतक्या साध्या ईमेल यादीसाठी जगाला पैसे उभे करता येऊ नयेत?

आणि जॉन स्नो या इंग्रज डॉक्टरचा उल्लेख कुणीतरी करणारच, तर मीच करतो. १८५४, लंडन, ब्रॉड स्ट्रीटचा हातपंप, पटकी. नकाशा काढला, पंप सापडला, दांडा काढला अशी गोष्ट सांगतात. दांडा ८ सप्टेंबरला निघाला तो स्नो यांनी घरोघर चौकशी करून जमवलेल्या मृत्यूंच्या माहितीवरून. प्रसिद्ध नकाशा नंतर तयार झाला. त्यातले ठिपके सगळे बघतात. मला त्यातली रिकामी जागा जास्त महत्त्वाची वाटते. पंपाजवळच्या अनाथ-निराधारांच्या वसतिगृहात ५३५ माणसं होती आणि पटकीने फक्त ५ गेली. त्यांची स्वतःची विहीर होती. जवळच्या बीअरच्या कारखान्यातले कामगारही वाचले. चहूकडे मृत्यू आणि मधे हे मोकळं ठिकाण, यावरून पाण्याचा मुद्दा पक्का होत गेला.

अनिकेत७

वाटसरूकाका, सुंदर प्रतिसाद. पण मला एक कळत नाही. यंत्राने बातम्या चाळता येतात तर मग लोक इंटरनेटवर काय शोधतात यावरूनच साथ का ओळखू नये? ताप आला की माणूस डॉक्टरकडे जायच्या आधी फोनवर शोधतो. चाचण्या, फाइली, सरकार, सगळ्याला वळसा.

सारंग_ब

अनिकेत, हे करून झालंय. गूगल फ्लू ट्रेंड्स, नोव्हेंबर २००८. अमेरिकेतल्या सर्वाधिक शोधल्या जाणाऱ्या पाच कोटी शब्दप्रयोगांतून फ्लूच्या जुन्या आकड्यांशी जुळणारे ४५ निवडले आणि त्यावरून आजचा फ्लू किती ते सांगायचं. सरकारी आकडे एक-दोन आठवडे उशिरा यायचे, हे लगेच. लोक थक्क झाले होते.

लगोलग २००९ ची एच१एन१ (स्वाइन फ्लू) साथ आली, ती हिवाळा सोडून भलत्याच ऋतूत, आणि मॉडेलने पहिली लाट बरीच कमी दाखवली. मग त्यांनी ते सुधारलं, तर उलट टोक गाठलं. ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे त्याने फ्लू जास्त दाखवला, आणि २०१२-१३ च्या हंगामात तर एका टप्प्यावर प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट. २०१५ मध्ये सार्वजनिक संकेतस्थळ बंद झालं.

कारणं शिकण्यासारखी आहेत. एक तर फ्लूच्या बातम्या आल्या की धडधाकट माणसंही 'फ्लूची लक्षणे' शोधतात. शिवाय शोधयंत्र स्वतःच सतत बदलत असतं, तुम्ही दोन अक्षरं टाइप केली की ते पुढचं सुचवतं. आणि हिवाळ्यात वाढणारी कुठलीही गोष्ट फ्लूच्या आलेखाशी जुळते.

वेदांगी

सारंगशी सहमत, पण अनिकेतचा मुद्दा मोडीत काढायला नको. शोधांची माहिती सरकारी आकड्यांबरोबर जोडली आणि दर आठवड्याला मॉडेल नव्याने जुळवून घेतलं तर अंदाज चांगला सुधारतो; २०१५ मध्ये 'आर्गो' नावाच्या पद्धतीने ते दाखवून दिलं. एकट्याच्या जिवावर चालवलं तेव्हा ते घसरलं.

लोकांनी स्वतःहून कळवलेली माहितीही अशीच. ब्रिटनमधलं 'झोई' अ‍ॅप मार्च २०२० मध्ये आलं, लाखो लोक रोज आपल्याला कसं वाटतंय ते भरायचे. कोविड निघालेल्यांपैकी साधारण ६५ टक्क्यांनी वास किंवा चव गेल्याचं सांगितलं, चाचणीत न निघालेल्यांपैकी २२ टक्क्यांनी. ताप-खोकल्यापेक्षा हे लक्षण जास्त नेमकं आहे हे त्यातून ठळकपणे पुढे आलं आणि मे २०२० मध्ये ब्रिटनच्या अधिकृत लक्षणांत ते आलं. अर्थात अ‍ॅप कोण भरतं? स्मार्टफोन असलेला, वेळ असलेला, तब्येतीची काळजी करणारा माणूस. वृद्धाश्रमातली आजी भरत नाही.

ऋतुजाने तारखांचा विषय काढला नाही, तो मी काढते, कारण रोजच्या कामात मला सगळ्यात जास्त तोच समजावून सांगावा लागतो. एका रुग्णाला किमान चार तारखा असतात. लागण झाली तो दिवस (हा बहुधा कुणालाच कळत नाही), लक्षणं सुरू झाली तो, नमुना घेतला तो, आणि अहवाल पोहोचला तो. बहुतेक जाहीर आलेख शेवटच्या तारखेवर काढतात. म्हणून रविवारी-सोमवारी खड्डा आणि मंगळवारी-बुधवारी उंचवटा. विषाणू काही सुट्टी घेत नाही, प्रयोगशाळा घेते. सात दिवसांची सरासरी घेतात ती हा दंतुरपणा घालवायला.

लक्षणांच्या तारखेवर आलेख काढला तर चित्र खरं उमटतं पण नवीन अडचण येते. शेवटचे आठ-दहा दिवस नेहमी उतरतेच दिसतात! कारण परवा ताप आलेल्यांपैकी निम्म्यांचे अहवाल अजून यायचेत. चांगला डॅशबोर्ड हे शेवटचे दिवस राखाडी पट्टीने झाकतो, 'ही माहिती अपुरी आहे' असं लिहितो. ज्यात ही पट्टी नाही त्यात साथ कायम ओसरतच असते. पत्रकारांनी या उतारावरून 'दिलासा' असे मथळे दिलेले मी वारंवार पाहिले आहेत.

मृगजळ

इतका वेळ नुसती वाचत होते. मी विषाणूंच्या जनुकीय क्रमाशी संबंधित प्रयोगशाळेत आहे, म्हणून 'नेक्स्टस्ट्रेन'बद्दल लिहिलंच पाहिजे. ट्रेव्हर बेडफर्ड आणि रिचर्ड नेहर यांचा हा प्रकल्प, आधी फ्लूपुरता होता, २०१७ मध्ये त्याला ओपन सायन्स प्राइझ मिळालं. इबोला, झिका, गोवर, एमपॉक्स, बर्ड फ्लू, सगळ्यांची झाडं तिथे आहेत.

पहिल्यांदा उघडलं की डावीकडे आडवं झाड आणि उजवीकडे नकाशा दिसतो. झाडाच्या टोकाचा प्रत्येक ठिपका म्हणजे एका रुग्णाच्या नमुन्यातला विषाणू. दोन ठिपके जिथे एकत्र येतात तो त्यांचा सामाईक पूर्वज. डावीकडून उजवीकडे काळ सरकतो. कोरोनाच्या विषाणूत महिन्याला साधारण दोन बदल होत होते, या वेगावरून मागे मोजत गेलं की साथ कधी सुरू झाली असावी याचा अंदाज बांधता येतो. नुसत्या रुग्णसंख्येतून हे कधीच कळलं नसतं. एखाद्या रुग्णालयात एकाच आठवड्यात दहा रुग्ण निघाले तर ते एकमेकांकडून लागले की बाहेरून दहा वेगळ्या वाटांनी आले, हे झाड सांगतं. दहाही ठिपके एकाच फांदीवर दाटीने बसले असतील तर आतच पसरतंय. विखुरलेले असतील तर आतल्या स्वच्छतेवर खापर फोडण्याआधी थांबायचं.

आता नकाशाचं. नेक्स्टस्ट्रेनच्या नकाशावर या देशातून त्या देशात जाणाऱ्या रेषा सरकताना दिसतात आणि लोक त्या विमानाच्या मार्गासारख्या वाचतात. कृपा करून तसं करू नका. ती झाडावरून काढलेली अनुमानं आहेत. ज्या देशाने भरपूर नमुने तपासले त्याच्याकडून रेषा निघताना दिसणार, ज्याने तपासलेच नाहीत तो देश नकाशावर नसल्यासारखाच.

ओमिक्रॉनच्या वेळी याची किंमत एका देशाने मोजली. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं. तिथल्या प्रयोगशाळांना नेहमीच्या पीसीआर चाचणीत विषाणूच्या 'एस' नावाच्या जनुकाचा संकेत गायब झालेला दिसला, त्यांनी तातडीने क्रम काढले, जगाला दाखवले. लगेच त्या भागातून येणाऱ्या विमानांवर बंदी. पुढे इतर देशांतल्या आधीच्या नमुन्यांतही तोच प्रकार सापडला. नकाशावर पहिला ठिपका तिथे होता, कारण तिथे लोक डोळे उघडे ठेवून काम करत होते. उत्तम पाहणाऱ्याला शिक्षा झाली तर पुढच्या वेळी कोण सांगेल? मला हा प्रश्न अजून छळतो.

जीसएड या संग्रहात कोविडचे दीड कोटींहून जास्त क्रम जमा झाले आहेत. त्यातला फार मोठा वाटा मोजक्या श्रीमंत देशांचा.

ऋतुजा_न

मृगजळ, हा प्रतिसाद मूळ लेखाच्या वर लावायला हवा. 'नकाशावर नसल्यासारखाच' हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही फार नेमकं मांडलंत.

अनिकेत७

मग खरं सांगा, सामान्य माणसाने बघायचं तरी काय? चाचण्या कमी झाल्या, लोक घरीच किट वापरतात आणि कळवत नाहीत, डॅशबोर्ड बंद झाले. सगळंच अपुरं म्हटलं तर माझ्यासारखा माणूस बघणंच सोडून देईल.

वेदांगी

सोडू नका. सांडपाण्याचे आकडे बघा. ज्या देशांत ते जाहीर होतात तिथे तरी आज मी सर्वांत आधी तेच उघडते.

संसर्ग झालेली माणसं विष्ठेतून विषाणू टाकतात, बऱ्याचदा लक्षणं दिसायच्या आधीपासून, आणि डॉक्टरकडे न जाणारेही टाकतात. शुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या पाण्याचा नमुना घेतला की अख्ख्या वस्तीची एकत्र तपासणी होते, कुणाचंही नाव न घेता. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये त्याची राष्ट्रीय यंत्रणा सुरू केली, आता त्यांच्या डॅशबोर्डवर कोविड, फ्लू, आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणू) सगळं 'फार कमी' ते 'फार जास्त' अशा पायऱ्यांत दिसतं. हा आकडा रुग्णसंख्या नव्हे. पाऊस पडला की पाणी पातळ होतं, कारखान्याचं पाणी मिसळतं, त्यामुळे एका केंद्राचा आकडा दुसऱ्याशी ताडू नका. त्याच केंद्राची स्वतःच्या गेल्या काही महिन्यांशी तुलना करा, ती विश्वासार्ह असते.

याची ताकद पोलिओने दाखवली. २०२२ मध्ये लंडनच्या बेक्टन केंद्रात पोलिओचा विषाणू पुन्हा पुन्हा सापडला. हे केंद्र सुमारे ४० लाख लोकांचं सांडपाणी घेतं. लकवा झालेला एकही रुग्ण तिथे नव्हता. पोलिओची लागण झालेल्या साधारण दोनशेंपैकी एकालाच लकवा होतो, म्हणजे रुग्ण दिसेपर्यंत थांबलं असतं तर शेकडो मुलांत पसरून झाला असता. सांडपाण्यावरूनच लंडनमधल्या १ ते ९ वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायचं ठरलं.

शुभदा_विज्ञान

मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात मी तयार डॅशबोर्डपेक्षा मुलांना स्वतः हलवता येणारी मॉडेलं जास्त वापरते. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडलेलं तीन कप्प्यांचं गणित, लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि बरे झालेले, आता कुठल्याही ब्राउझरमध्ये तीन सरकपट्ट्यांवर चालतं. एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो ती पट्टी मुलं आधी गोवराच्या १२ ते १८ वर नेतात आणि वक्र छताला टेकलेला बघून गप्प होतात. मग लसीकरणाची पट्टी हळूहळू वर नेतात. नव्वद टक्क्यांनाही गोवर थांबत नाही, पंचाण्णवच्या आसपास रेषा एकदम कोसळते. ९५ टक्के हा आकडा पुस्तकातून घोकलेला आणि हाताने शोधलेला, यात मुलांच्या डोळ्यांत फरक दिसतो.

माझी एकच तक्रार. बऱ्याच मॉडेलांत एकच ठसठशीत रेषा येते, अनिश्चिततेचा पट्टा येत नाही. मुलांना ते भविष्य वाटतं.

सारंग_ब

+१ शुभदाताई. आणि बंद होणाऱ्या साधनांबद्दल अनिकेतने लिहिलंय ते खरं आहे. कोविड१९इंडिया हे स्वयंसेवकांनी चालवलेलं संकेतस्थळ आठवत असेल. राज्यांची पत्रकं, मंत्र्यांचे ट्वीट यांतून माणसं आकडे जमवत होती. ३१ ऑक्टोबर २०२१ ला त्यांनी काम थांबवलं, पण आधी सांगून, आणि सगळी माहिती उतरवून घेता येईल अशी ठेवून. असं रीतसर थांबणंही फार मोठं काम आहे. बाकी कितीतरी स्थानिक डॅशबोर्ड एका सकाळी नुसते नाहीसे झाले, मागचे आकडेही गेले. तुमच्या भागातला एखादा डॅशबोर्ड चालू असेल तर त्याची फाइल अधूनमधून उतरवून ठेवा आणि वेब संग्रहात जतन करा, कळकळीची विनंती.

कोरा_कागद

वाटसरूकाकांच्या रिकाम्या जागेवरून एक शंका आली. गोवराच्या नकाशावर काही भाग पांढरे दिसतात. तिथे गोवर नाही असं समजायचं, की माहितीच आलेली नाही? दोन्हीला एकच रंग असेल तर कसं ओळखायचं?

वेदांगी

कागद, या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न.

नीट केलेल्या नकाशात शून्याला एक रंग आणि 'माहिती नाही' याला दुसरा, बहुधा राखाडी किंवा तिरक्या रेघा. तसं नसेल तर सूचीत शोधा, तिथेही नसेल तर पांढऱ्या भागाबद्दल काहीच बोलू नका.

पोलिओ आणि गोवरावर काम करणाऱ्या लोकांनी यावर फार जुना आणि सुंदर उपाय काढलेला आहे. 'आमच्याकडे पोलिओ नाही' एवढं सांगून चालत नाही. पोलिओखेरीज इतर कारणांनीही मुलांच्या हातापायांत अचानक लुळेपणा येतो, आणि तो सगळीकडे थोडाफार होतच असतो. म्हणून पंधरा वर्षांखालच्या दर एक लाख मुलांमागे वर्षाला असं किमान एक मूल यंत्रणेने शोधून, तपासून, पोलिओ नाही असं ठरवलेलं असलं पाहिजे. तेवढी सापडली नाहीत तर तिथलं शून्य धरत नाहीत. गोवरासाठीही तसंच: दर लाख लोकसंख्येमागे किमान दोन संशयित रुग्ण तपासून 'गोवर नाही' म्हणून बाद केलेले हवेत. हे आकडे बहुधा नकाशाशेजारच्या वेगळ्या तक्त्यात असतात, 'बाद केलेल्या संशयितांचं प्रमाण' अशा काहीशा रुक्ष नावाने. पांढरा भाग दिसला की तो तक्ता उघडा.

ऋतुजा_न

हे मलाही माहीत नव्हतं, वेदांगी. मूळ धाग्यात 'बारीक अक्षरं' लिहिलंय तिथे हा तक्ता आणि राखाडी पट्टीचा मुद्दा जोडते. मृगजळ, नेक्स्टस्ट्रेनवरचं एखादं गोवराचं झाड घेऊन फांद्या कशा वाचायच्या ते टप्प्याटप्प्याने लिहाल का? वेगळा धागा काढलात तरी चालेल, इथे दुवा देईन.